पुन्हा जा, पुन्हा बघून ये

बेंगळुरूतल्या काही मराठी आईवडिलांचा आणि शिक्षकांचा जाहीरनामा

आधी आमच्यातल्या एका घरात घडलेलं सांगतो, कारण हा जाहीरनामा तिथून सुरू झाला. नऊ वर्षांची मुलगी आणि पसायदान पाठांतराची स्पर्धा. महिनाभर घरात तयारी चालली होती. ल आणि ळ, श आणि ष, श्वास कुठे घ्यायचा, हात कधी जोडायचे, सगळं घोटून घेतलेलं. मुलगी तिसरी आली आणि घरी पोहोचेपर्यंत गाडीत रडत राहिली. वडील तिची समजूत काढत होते, म्हणजे कोणता उच्चार चुकला ते सांगत होते. रात्री ती झोपल्यावर दोघांच्या लक्षात आलं, की ज्या प्रार्थनेत मागणाऱ्याने स्वतःसाठी काहीच मागितलेलं नाही, वाईट माणसाचा वाईटपणा जावा आणि ज्याला जे हवं ते त्याला मिळावं असं ज्यात मागणं आहे, ती प्रार्थना आपण मुलीला इतर मुलांच्या पुढे जाण्यासाठी शिकवली. महिन्याभरात एकदाही तिला विचारलं नव्हतं, की यात कोण कोणासाठी काय मागतंय.

ही गोष्ट त्यांनी ओळखीच्या चार घरांत सांगितली, तेव्हा प्रत्येक घरातून आपापली गोष्ट निघाली. एका मुलाच्या शाळेत रोज दहा मिनिटं ध्यान असतं. ते टॅबवर नोंदवायचं, सलग एकवीस दिवस झाले की तारा मिळतो. पालकसभेत सांगण्यात आलं, की ध्यानाने एकाग्रता वाढते आणि एकाग्रतेने गणिताचे गुण. दुसऱ्या घरातला मुलगा दहावीनंतर इंटिग्रेटेड पीयूला गेला, म्हणजे अकरावी-बारावी आणि प्रवेशपरीक्षांचा क्लास एकत्र. सकाळी साडेसहाला निघतो, रात्री आठला येतो, रविवारी चाचणी. कसा आहेस विचारलं तर "चाललंय" म्हणतो. सोळा वर्षांचा आहे तो. तिसऱ्या घरी आई म्हणाली, "आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त मुलगी कशाकडेही दोन मिनिटं नुसती बघत नाही." हे शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यांत जास्त लागलं.

आमच्यात सर्जापूर रोडला राहणारे संगणक अभियंते आहेत. घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत मल्लेश्वरममध्ये वाढलेल्या निवृत्त शिक्षिका आहेत. चिकपेटेतल्या जुन्या कापडव्यापारी घरांतले लोक आहेत, बेळगाव-निपाणीकडून नोकरीसाठी आलेले आहेत. आमच्यात कोणी गुरू नाही, कोणाला साक्षात्कार झालेला नाही. देव मानणारे आहेत, न मानणारे आहेत, आणि वर्षातून दहा दिवस मानणारे बरेच आहेत.

आम्हाला म्हणायचं आहे ते असं. मुलांच्या शिक्षणात अध्यात्म हवं, हे आम्हाला मनापासून वाटतं. पण गुण वाढवण्यासाठी, ताण घालवण्यासाठी किंवा शाळेच्या माहितीपत्रकात छापण्यासाठी राबवलेलं अध्यात्म आम्हाला नको. आणि शहराबाहेरच्या झाडीतल्या शाळांत मोजक्या मुलांना जे खरोखर चांगलं मिळतं, ते तिथेच राहावं हेही आम्हाला मान्य नाही. आठव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, सरकारी शाळेच्या व्हरांड्यात, पहाटे रस्ता झाडायला निघणाऱ्या पौरकार्मिकाच्या घरी, तिथेही ते जमलं पाहिजे. जमतं, असा आमचा विश्वास आहे, आणि त्याला आधार आहे. तो पुढे सांगतो.

अध्यात्म म्हणजे काय, हे विचारल्यावर आम्ही व्याख्येत अडकलो होतो. त्यातून सुटका केली एका गोष्टीने. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात पंचकोशांचा विचार घेतला आहे: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. त्यानंतर आम्ही पाहिलेल्या काही शाळांच्या भिंतींवर एकात एक पाच रंगीत वर्तुळं आली, आणि एका शाळेत तर मुलांना त्यांची नावं क्रमाने लिहायचा प्रश्न आला. कोश तैत्तिरीय उपनिषदातले आहेत. त्याच उपनिषदात पुढे एक मुलगा आणि त्याचे वडील भेटतात, ते मात्र भिंतीवर आलेले नाहीत.

मुलगा भृगू, वडील वरुण. भृगू विचारतो, ब्रह्म काय ते मला शिकवा. वरुण एक खूण तेवढी सांगतात: ज्यातून सगळं जन्मतं, ज्याच्यावर जगतं आणि ज्यात परत जातं, ते शोध. भृगू तप करतो आणि त्याला कळतं, ते अन्न आहे. तो परत येतो. वडील चूक म्हणत नाहीत, बरोबरही म्हणत नाहीत. पुन्हा जा, तप कर. भृगू जातो, आता त्याला वाटतं, प्राण. पुन्हा परत, पुन्हा तेच सांगणं. मग मन. मग विज्ञान. शेवटी त्याला आनंद कळतो, आणि त्यानंतर तो वडिलांना विचारायला परत आला असं उपनिषद सांगत नाही. विचारायची गरज संपली असावी.

या गोष्टीतले वडील आम्हाला आमच्यापेक्षा फार वेगळे वाटले. उत्तर ठाऊक असून ते गप्प राहिले. मुलाचं पहिलं, अपुरं उत्तर त्यांनी खोडलं नाही, त्याला त्याच उत्तरावर उभं राहून पुढे बघू दिलं. त्याला वेळ किती लागला याची कुठे नोंद नाही. आमच्या घरांत प्रश्न आला की अर्ध्या मिनिटात फोनवरून उत्तर येतं, आणि उत्तराबरोबर प्रश्न मरतो. आणखी एक. भृगू आनंदापर्यंत पोहोचल्यावर उपनिषद तिथे थांबत नाही. ते पुन्हा अन्नाकडे येतं: अन्नाला नावं ठेवू नकोस, अन्न पुष्कळ पिकव, दारात आलेल्याला परत पाठवू नकोस. सर्वांत वरच्या पायरीवर गेलेल्या मुलाला सांगितलं जातं ते शेताचं आणि उंबरठ्याचं काम. शिक्षणातल्या अध्यात्माबद्दल आम्हाला जे वाटतं ते जवळपास सगळं यात आहे.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. हीच गोष्ट ज्यांच्या कानांवर शतकानुशतकं पडू दिली नाही, ती माणसं याच देशातली होती, आणि पडू न देणाऱ्यांत आमच्यातल्या काहींचे पूर्वज होते. म्हणून १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींसाठी उघडलेली शाळा आम्ही आमच्या अध्यात्माच्या वंशावळीत उपनिषदाच्या शेजारी ठेवतो. बिदर जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेलं बसवकल्याण हेही त्याच वंशावळीत. बाराव्या शतकात तिथल्या अनुभव मंटपात अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी होते, बसवण्णा होते, अक्कमहादेवी होत्या, आणि त्यांच्या बरोबरीने परीट माचय्या, नावाडी चौडय्या, चर्मकार हरळय्या आपापला अनुभव मांडत होते, असं शरणांची, म्हणजे या संतांची, परंपरा सांगते. नाव बघा: अनुभवाचा मंडप. तिथे कामाला शब्द होता कायक, आणि कायक हीच पूजा. ब्राह्मण मधुवरसांची मुलगी आणि हरळय्यांचा मुलगा यांच्या लग्नावरून त्या कल्याणात रक्त सांडलं, हेही परंपराच सांगते. एकत्र बसून शिकण्याची किंमत तेव्हा इतकी होती.

बेंगळुरूत राहून आम्ही हे का बोलतोय, असं कोणी विचारेल. कारण या शहरात आमच्या प्रश्नाची मुळं आमच्याआधी येऊन पोहोचली आहेत. एन. आर. कॉलनीत गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. कन्नड कवी आणि विचारवंत डी. व्ही. गुंडप्पांनी ती १९४५ साली सुरू केली आणि तिला नाव दिलं कोतळूकच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं, ज्यांचं चरित्र त्यांनी तीस वर्षं आधीच कन्नडात लिहिलं होतं. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक बैठक हवी, असं त्याच्या उद्दिष्टांत लिहिलं. त्याच माणसाने १९११ साली कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. गोखल्यांच्या लेखी अध्यात्म आणि शेवटच्या मुलाची शाळा हे दोन वेगळे विषय नव्हते. आमच्या काळात ते इतके वेगळे झाले, की एकाची जाहिरात गुळगुळीत मासिकात येते आणि दुसऱ्याची बातमी आतल्या पानावर.

आणि कुमार पार्कात वल्लभ निकेतन आहे, विनोबांनी देशभरात काढलेल्या सहा आश्रमांपैकी एक. आमच्यातले कित्येक जण तिथून रोज गाडीने जात होते आणि आत काय आहे हे ठाऊक नव्हतं. शिक्षण कशाचं बनलेलं असावं, हे सांगताना विनोबा तीन शब्द वापरत: योग, उद्योग, सहयोग. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी जुना झेंडा एक दिवसही ठेवला नाही, मग जुनं शिक्षण का ठेवलं, हा त्यांचा प्रश्न होता. झेंडा बदलून किती वर्षं झाली ते मोजायला नको. विनोबांचे हे तीन शब्द आम्ही आमच्या चळवळीसाठी उसने घेत आहोत.

योग म्हणताना आमच्या डोळ्यांपुढे आसनं नाहीत, करणाऱ्यांनी ती जरूर करावीत. आम्हाला म्हणायचं आहे ते लक्ष. इथून तीन-एक तासांवर मदनपल्ली आहे. तिथे १८९५ साली जन्मलेल्या जे. कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून वाढवलं गेलं, आणि ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेन इथे, जमलेल्या हजारो अनुयायांसमोर, त्यांनी आपल्यासाठी उभारलेला संघ स्वतःच मोडला. सत्याकडे जाणारी वाट कोणी दुसऱ्याला आखून देऊ शकत नाही, हे त्यांचं कारण. पुढे आयुष्यभर ते ज्यांच्याशी सर्वांत जास्त बोलले त्यांत शाळेतली मुलं आणि शिक्षक होते. मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीत संध्याकाळी मुलं टेकडीकडे तोंड करून सूर्य मावळेपर्यंत गप्प बसतात. त्याला अस्ताचल म्हणतात. नोंद नाही, तारा नाही, नंतर कोणी काही विचारत नाही.

बेंगळुरूच्या आसपास अशा जागा आहेत किंवा होत्या, आणि त्यांच्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञता आहे. कनकपुरा रस्त्यावर तातगुणीजवळ १९७८ पासून व्हॅली स्कूल आहे. मागडी तालुक्यात वरदेनहळ्ळीला सेंटर फॉर लर्निंग आहे. १९९० साली सुरू झालेली ही शाळा शिक्षक मिळून चालवतात. सिल्वेपुराला जेन साहींनी १९७५ साली सीता स्कूल काढली. कोलार जिल्ह्यात डेव्हिड हॉर्सबरांनी १९७२ साली नीलबाग सुरू केली. खेड्यातली मुलं, वेगवेगळ्या वयांची एकत्र, परीक्षेविना, सुतारकाम आणि बागकाम करत शिकत होती. महाराष्ट्रातल्या वाचकांना पुणे जिल्ह्यातली राजगुरुनगरजवळची सह्याद्री स्कूल ठाऊक असेल, कोल्हापूरचं लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय ठाऊक असेल. ही सगळी माणसं आम्हाला आमची वाटतात. पण अशा शाळांत जागा थोड्या असतात, अंतर मोठं असतं, काही ठिकाणी खर्च परवडत नाही. हजार मुलांमागे एकाला मिळणारी गोष्ट चांगली असली तरी बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचं काय, हा प्रश्न ती सोडवत नाही.

हा प्रश्न सुटू शकतो, याचा पुरावा कर्नाटकातच आहे. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या सरकारी शिक्षकांनी ऋषी व्हॅलीच्या आसपासच्या छोट्या खेडेशाळा पाहिल्या आणि तिथली रीत आपल्या वर्गात आणली. इयत्तांच्या रांगा मोडून मुलं गटांत जमिनीवर बसू लागली, प्रत्येकाने आपल्या वेगाने पुढची पायरी घ्यायची. नाव ठेवलं नली-कली, म्हणजे आनंदाने शीक. काही वर्षांत ती पद्धत राज्यभरातल्या सरकारी शाळांच्या पहिल्या इयत्तांत पोहोचली. पसरताना तिच्यातलं काही पातळ झालं, फॉर्म भरण्याचं ओझं वाढलं, हे आमच्यातल्या शिक्षिकांनी जवळून पाहिलं आहे. तरीही टेकड्यांमधली गोष्ट पत्र्याच्या वर्गात आली. आणणारे साधे पगारी शिक्षक होते.

म्हणून आमचा योग लालबागेत सुरू होईल. तिथल्या खडकाला भूशास्त्रज्ञ सुमारे तीनशे कोटी वर्षांचा मानतात. त्याच्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे आणि बुरुजाखाली बसायला भरपूर जागा. मुलं आणि मोठी माणसं वीस मिनिटं बसतील. डोळे मिटा म्हणून कोणी सांगणार नाही. घारीकडे बघा, मुंगीकडे बघा, शेजारच्याच्या चपलेकडे बघा. उठल्यावर "काय वाटलं?" हे विचारायचं नाही. आमच्यातल्या काहींना हा नियम फार जड जाणार आहे, आणि तो त्यांच्यासाठीच केला आहे.

उद्योगाबद्दल आम्ही जास्त बोलणार, कारण आमच्या घरांत तोच सर्वांत आटला आहे. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने परिषद भरली आणि नई तालीम आकाराला आली. तिचा अभ्यासक्रम आखणाऱ्या झाकिर हुसेन समितीत विनोबा होते. हाताच्या कामातून गणित, भूगोल, इतिहास, हा त्या शिक्षणाचा गाभा. लोकांच्या लक्षात टकळी राहिली आणि गाभा विसरला गेला. टकळी फिरवताना मूल दोन गोष्टी शिकत होतं: धागा तुटतो, आणि तो आपल्याच हाताने तुटतो. पहिलीसाठी पुस्तक पुरतं, दुसरीसाठी नाही.

आमच्या मनात सर्वांत घट्ट घर करून बसलेलं चित्र कोसबाडचं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे त्या डोंगरावर, कोसबाडला, वारल्यांच्या मुलांत गेल्या. शाळेत मुलं येईनात, कारण ती गुरं राखायला जात. त्यांनी मुलांना ओढून आणलं नाही, शाळा कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरत, मुलं पानं, बिया, खडे मोजत. मूल जिथे आधीपासून जगतंय तिथे जायचं, आणि त्याच्या हातात जे आहे तिथून सुरुवात करायची. श्रीअरविंदांनी बडोद्यात तेरा वर्षं काढली, तिथे शिकवलं, आणि नंतर १९१०च्या सुमारास शिक्षणावर लिहिताना हेच तत्त्व मांडलं: जवळून दूर जायचं, आणि मुलाच्या मनाला त्याच्याच वाढीत विचारायचं. बोर्डीच्या या दोघी आणि पाँडिचेरीचे योगी इथे एकाच ठिकाणी येतात, हे आम्हाला उगाच वाटलेलं नाही.

आमच्या मुलांचं कुरण कोणतं? स्वयंपाकघर, नळ, कचऱ्याचा डबा, लिफ्टमध्ये भेटणारी माणसं. नळापासून सुरू करू. या शहराला मोठी नदी नाही. आमच्या टाकीत येणारं कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटर दूरच्या तोरेकाडनहळ्ळीहून निघतं, तीन टप्प्यांत वर चढवलं जातं, आणि त्यातला शेवटचा टप्पा तातगुणीला आहे, त्याच तातगुणीला जिच्याजवळची शाळा आम्ही आत्ता सांगितली. २०२४च्या उन्हाळ्यात शहर कोरडं पडलं तेव्हा आमच्या संकुलांत टँकरच्या भावावरून भांडणं झाली, पण ते पाणी कुठल्या गावच्या बोअरमधून येतंय हे कोणी विचारलं नाही. आम्ही मुलांना त्या वाटेने नेणार. कैकोंड्रहळ्ळी तलावाला नेणार, जो सर्जापूर रस्त्यावर लोकांनी पाठपुरावा करून, महापालिकेबरोबर राबून जिवंत केला. मग मुलं घरी येऊन आपलं ताट स्वतः घासतील आणि किती पाणी गेलं ते मोजतील. भृगूचं पहिलं उत्तर अन्न होतं. आमची मुलं बहुधा त्याच्याही आधीच्या पायरीवर आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कचऱ्याचंही तसंच. ओला आणि सुका वेगळा करणं हे आमच्या घरांत मावशींचं काम असतं. ते आठवड्यातून एक दिवस मुलाचं असेल, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाचं, त्यातही वडिलांचं जास्त वेळा. सकाळी गाडी येते तेव्हा खाली जाऊन डबा पौरकार्मिकाच्या हातात द्यायचा आणि त्यांचं नाव विचारायचं. स्वच्छतेचा धडा शाळेच्या पुस्तकात आहेच. तो वाचून आजवर कोणाला त्या माणसाचं नाव कळलेलं नाही.

आता सहयोग. इथे आम्हाला स्वतःबद्दल कडवं बोलायचं आहे. विनोबा १९४२च्या आंदोलनात वेलोरच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषा शिकून घेतल्या. साने गुरुजी १९३०च्या सत्याग्रहात त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गेले, तमिळ शिकले, तिरुक्कुरळ मराठीत आणलं, आणि वेगवेगळ्या प्रांतांच्या कैद्यांसोबत राहताना त्यांच्या मनात आंतरभारती रुजली: प्रत्येक भारतीयाने शेजाऱ्याची भाषा शिकावी, त्याचं साहित्य वाचावं, त्याच्याकडे राहायला जावं. हे दोघे कैदी होते. आम्ही मोकळे आहोत, पगार घेतो, दहा-दहा वर्षं या शहरात आहोत, आणि आमच्यातल्या निम्म्यांना येणारं एकुलतं कन्नड वाक्य "कन्नड गोत्तिल्ला", म्हणजे कन्नड येत नाही, हे आहे.

हे शहर आम्हाला परकं नाही, आणि ते आमच्या मालकीचंही नाही. शहाजीराजे १६३८ नंतर इथे राहिले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला त्यांचे पुत्र एकोजी यांनी दिलेल्या दानाचा १६६९चा शिलालेख आहे. शहाजींच्या दरबारातल्या जयराम पिंड्यांनी राधामाधवविलासचंपूत अनेक भाषा एकत्र नांदवल्या. घरात मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्र्यांनी कन्नडात लिहिलं आणि १९७३ साली ज्ञानपीठ मिळवलं, आणि तेच बेंद्रे बारा वर्षं सोलापूरच्या कॉलेजात शिकवत होते. आमची मुलं याच परंपरेतली आहेत, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून आमच्या बैठकीत मुलं मराठीत बोलतील, कन्नडात बोलतील, आणि अडलं तर हिंदी-इंग्रजीत. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी, ज्यांना मुलं अक्का म्हणतात, त्यातल्या बऱ्याच रायचूर-कलबुर्गीकडच्या आहेत. त्यांची मुलं सरकारी शाळेत जातात. ती या बैठकीला येतील, आणि मदत घ्यायला म्हणून येणार नाहीत. कन्नड ती शिकवतील. ज्वारीची भाकरी थापायला अक्का शिकवतील. जमिनीवर सगळे एका रांगेत बसतील आणि एकच अन्न खातील. हे लिहायला एक ओळ लागली. आमच्यातल्या दोन घरांत ते पचायला बरेच दिवस लागले, आणि एक घर यावरून आम्हाला सोडून गेलं. त्याचं दुःख आहे, पण ही अट आम्ही काढणार नाही.

परीक्षांचं काय, हे सगळेच विचारतात. आमची मुलं परीक्षा देतील. आम्ही शाळा सोडा म्हणत नाही; बहुतेकांना ते शक्यही नाही, आणि गरीब घरातल्या मुलाला प्रमाणपत्र हीच एकमेव शिडी असते हे आम्हाला माहीत आहे. आम्ही एवढंच ठरवलं आहे, की निकालाच्या दिवशी घरात पहिला प्रश्न गुणांचा असणार नाही. सातवीपर्यंतच्या मुलाला संध्याकाळची शिकवणी लावणार नाही. आणि इंटिग्रेटेड पीयूला घालायचं की नाही हे मुलाला विचारून ठरवू, आणि त्याने नको म्हटलं तर ते नको खरं मानू. या शेवटच्या वाक्यावर सह्या करताना बऱ्याच जणांचे हात थांबले. मग केल्या.

देव कोणता, हेही विचारतात. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देऊ नये, असं संविधानाचं अट्ठाविसावं कलम सांगतं, आणि आम्ही सरकारी शाळेच्या वर्गात गेलो तर त्याचा मान राखू. बैठकीत कोणाला अभंग म्हणावासा वाटला तर म्हणावा, शरणांचं वचन म्हणावंसं वाटलं तर तेही, अजानच्या वेळी कोणी बाजूला उभं राहिलं तर जागा द्यावी. कोणाला काहीच म्हणायचं नसेल, तर त्या मुलाला "का नाही?" असं विचारायचं नाही. समोर फोटो ठेवणार नाही, कोणाचाही, विनोबांचासुद्धा.

पैशाबद्दल. फी नाही, देणगी नाही, पावती नाही. खाणं घरून आणायचं, सतरंज्या ज्याच्याकडे असतील त्याने आणायच्या. कोणी टी-शर्ट छापू म्हणालं तर नम्रपणे नको म्हणायचं. मुलांचे फोटो काढून कुठेही टाकायचे नाहीत. आमच्या मते या काळात मुलाला देण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे असा एक तास, ज्याचा कुठे पुरावा नाही. चळवळीला नाव ठेवायचं की नाही यावर वाद झाला. नाव ठेवलं की फलक येतो, फलक आला की अध्यक्ष. तूर्त नाव नाही.

ज्यांना हे पटेल त्यांनी आमच्यात यायलाच हवं असं नाही. यशवंतपूरला, व्हाइटफील्डला, हुबळीला, सांगलीला, न्यू जर्सीत, कुठेही चार घरं मिळून हे सुरू करता येईल. आमची परवानगी लागत नाही. आमच्याकडून काही चुकतंय असं दिसलं तर कळवा. जे मूल आमच्या बैठकीत कंटाळेल त्याला तसं सांगायचा हक्क आहे, आणि ते आम्ही ऐकून घेऊ.

आमच्यातल्या नऊ वर्षांच्या त्या मुलीला आम्ही हा मसुदा वाचून दाखवला. तिने विचारलं, खडकावर बसल्यावर पसायदान म्हटलं तर चालेल का, मनातल्या मनात. वडिलांच्या तोंडून उत्तर येणारच होतं. ते थांबले आणि म्हणाले, "बसून बघ."

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिषे, शेंगांची जत्रा, भरते. त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही लालबागेत बुरुजाखालच्या खडकावर असू. खडक त्या दिवसांत सकाळी गार असतो, लहान मुलांना स्वेटर घाला. वीस मिनिटं बसून झाल्यावर चालत बसवनगुडीकडे जायचं, आणि जत्रेसाठी पोती उतरवणाऱ्या शेतकऱ्यांना विचारायचं, की या शेंगा कोणत्या तालुक्यातून आल्या आणि यंदा पाऊस कसा होता. विचारायचं कन्नडात. वाक्यं शुक्रवारी संध्याकाळी रायचूरच्या अक्कांचा दहा वर्षांचा मुलगा सगळ्यांकडून म्हणून घेणार आहे.